हातचा विसरणारं लेकरू आणि कॉम्प्युटरवरचं ट्रेनिंग

सेलू तालुक्यातल्या एका वडिलांनी विचारलं आहे. मुलगी नऊ वर्षांची, तिसरीत. साडेसातव्या महिन्यात जन्मली, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, पुढे सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालीत येणाऱ्या अडचणीचं निदान झालं. दोन्ही पाय ताठ आहेत, वॉकर धरून चालते, हात चालतात पण सावकाश. चौथ्या वर्षापासून फिटचं औषध चालू आहे. बोलणं स्वच्छ. आजीजवळ बसून बसून कितीतरी अभंग पाठ झालेत. पण शाळेतून आल्यावर ‘दप्तर खुंटीला लाव, हात धू आणि डबा घेऊन ये’ म्हटलं की दप्तर लावून तिथंच उभी राहते. वजाबाकीत हातचा विसरते. संभाजीनगरातल्या एका सेंटरने कॉम्प्युटरवरचं स्मरणशक्तीचं ट्रेनिंग सुचवलं आहे: पाच आठवडे, 25 दिवस, 40,000 रुपये. ‘सोयाबीनचे पैसे आले की भरावे का?’ असा प्रश्न आहे.

दादा, आत्ता भरू नका. का ते सविस्तर सांगतो, कारण मी मराठवाड्यात 22 वर्षं ऑक्युपेशनल थेरपीचं, म्हणजे रोजची कामं स्वतः जमावीत यासाठीच्या उपचाराचं काम करतोय आणि हल्ली हा प्रश्न दर महिन्याला कुणी ना कुणी आई-बाप घेऊन येतात. प्रत्येकाच्या डोळ्यांत तीच आशा असते आणि ती मला हलकी वाटत नाही.

तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आहे. अभंग पाठ आहेत, म्हणजे साठवणीची आठवण उत्तम आहे. अडतंय ते दुसरीकडे. गणितात आपण ‘हातचा एक’ म्हणतो ना, तो एक उत्तरात लिहायचा नसतो, संपवायचा नसतो, पुढचं काम होईस्तोवर नुसता धरून ठेवायचा असतो. मानसशास्त्रात याला वर्किंग मेमरी म्हणतात. बॅडली आणि हिच या दोन ब्रिटिश संशोधकांनी 1974 साली तिची जी मांडणी केली, ती आजही वापरात आहे. मी पालकांना सांगताना ‘हातचा’ एवढंच म्हणतो, लगेच कळतं. सेरेब्रल पाल्सीच्या बऱ्याच मुलांचा हातचा कमकुवत असतो, आणि या मुलांना गणित जड जाण्यामागं तेही एक कारण असल्याचं नेदरलँड्समधल्या अभ्यासांत दिसलं आहे. तेव्हा तुमची शंका खोटी नाही. पण हातचा गळतोय की गळाल्यासारखा दिसतोय, हे आधी बघावं लागतं.

काही वर्षांपूर्वी जालन्याकडचा एक दहा वर्षांचा मुलगा आला होता. रिपोर्टवर ‘स्मरणशक्ती अत्यंत कमी’ असा शेरा. चाचणी टॅबलेटवर घेतलेली. पडद्यावर चौकोन एकामागून एक उजळतात, त्याच क्रमानं बोट लावायचं. मी त्याला तोच खेळ माझ्यासमोर खेळायला दिला. पहिल्या चौकोनाकडे हात निघाला की खांदा वर चढायचा, कोपर बाहेर जायचं, मान वळायची. बोट पडद्यापर्यंत पोचायला पाच-सहा सेकंद. तोवर वेळ संपून लाल फुली आलेली असायची, नाहीतर करंगळी शेजारच्या चौकोनाला घासून तेच उत्तर धरलं जायचं. मी टॅबलेट बाजूला ठेवला. टेबलावर सहा स्टीलच्या वाट्या पालथ्या घातल्या, एकमेकींपासून लांब लांब. त्याला म्हणालो, मी ज्या वाटीला हात लावीन ती बघ, नंतर त्याच क्रमानं तू नुसतं बघायचं, हात मांडीवर. दोन वाट्या बरोबर. तीन बरोबर. चार वाट्यांना त्याची नजर एकेका वाटीवर थांबत थांबत गेली, चौथीवर टेकली आणि सरळ माझ्या तोंडाकडे आली, ‘झालं’ म्हणून. पाचला चुकला. त्याच्या वयाच्या पोरांपेक्षा थोडं मागं, पण ‘अत्यंत कमी’ कुठून? त्याची माय शेजारी बोटं मोजत बसली होती, ती रडायलाच लागली. दोन वर्षं त्या लेकराला घरात विसरभोळं म्हणत होते.

वाट्यांचा हा खेळ म्हणजे कॉर्सीच्या ठोकळ्यांच्या चाचणीचं घरगुती रूप. त्यावरून निदान करायचं नसतं, पण हाताची परीक्षा आणि आठवणीची परीक्षा वेगळी करायला ते पुरतं. तुमची मुलगी तर बोलते, तिच्याकडून आकडे तोंडी म्हणवून घेता येतील. सेंटरनं स्मरणशक्ती कशी तपासली, हातानं की तोंडी, वेळ लावून की न लावता, एवढं विचारून घ्या.

आणखी एक. हात वळवणं, पाय टेकवणं, तोल सांभाळणं ही कामं आपल्याला फुकटात होतात. या मुलांना त्यांच्याकडे लक्ष द्यावं लागतं. सुईत दोरा ओवताना कुणी तुम्हाला मोबाईल नंबर सांगितला तर शेवटचे चार आकडे राहतील का? ही मुलं दिवसभर सुईत दोरा ओवत असतात. म्हणून बसवताना मी आधी पाय बघतो. पाय लोंबकळत असतील तर सगळं लक्ष न पडण्यात जातं. पायाखाली पाट, पाठीमागं गोधडीची घट्ट गुंडाळी, टेबल कोपराच्या उंचीला, एवढं केलं तरी काही मुलांना एखादी वस्तू जास्त लक्षात राहते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आता त्या ट्रेनिंगबद्दल. 25 दिवसांचा हा साचा स्वीडनमधून आला. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या टॉर्केल क्लिंगबर्ग यांनी लक्ष न टिकणाऱ्या म्हणजे एडीएचडीच्या मुलांसाठी असा प्रोग्रॅम तयार केला, पुढे तो ‘कॉगमेड’ नावानं विकला जाऊ लागला. रोज साधारण अर्धा ते पाऊण तास, आठवड्यातून पाच दिवस. मूल बरोबर खेळलं की खेळ अवघड होतो, चुकलं की सोपा. 2005 साली 53 मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याचे निकाल आशादायक होते आणि जगभर लाट आली. ती लाट लबाडीची नव्हती, कल्पना खरोखर विचारपूर्वक केलेली होती.

मग तपासण्या सुरू झाल्या. 2013 साली मोनिका मेल्बी-लर्व्हाग आणि चार्ल्स ह्यूम यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. मुलं ज्या प्रकारचे खेळ खेळतात त्याच प्रकारच्या चाचण्यांत सुधारतात. वाचन, गणित, लक्ष इथपर्यंत ती सुधारणा पोचत नाही, असं निघालं. 2016 साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला झालेला अभ्यास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पहिलीतली, वर्किंग मेमरी कमी असलेली 452 मुलं, अर्ध्यांना हेच ट्रेनिंग शाळेच्या वेळात. दोन वर्षांनी बघितलं तर अभ्यासात फायदा नाही, उलट गणितात ट्रेनिंग घेतलेली मुलं किंचित मागं. ती सेरेब्रल पाल्सीची मुलं नव्हती हे खरं. पण वर्गातला वेळ काढून खेळाला दिला की तो कुठून तरी कापलाच जातो. त्याच वर्षी अमेरिकेत ‘ल्युमॉसिटी’ या मेंदूच्या खेळांच्या कंपनीला जाहिरातीत नको ते दावे केल्याबद्दल 20 लाख डॉलर भरावे लागले.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलांवरही असे प्रयत्न झाले आहेत. त्यातला मला पटलेला प्रकार वेगळाच आहे: ऑस्ट्रेलिया आणि डेन्मार्कमध्ये ‘मिटी’ नावाचा कार्यक्रम वापरला गेला. एका बाजूला अशक्तपणा असलेल्या मुलांसाठी, घरच्या कॉम्प्युटरवर, पण बसून नाही. कॅमेऱ्यासमोर उठबस करत, हात उचलत, विचार करत खेळायचं, वीस-वीस आठवडे. तिथे रोजच्या कामांत सुधारणा दिसली. शरीर आणि डोकं एकत्र कामाला लावल्यानं ते जमलं असावं, असं माझं मत आहे.

तेव्हा 25 दिवस चौकोन ओळखले की तुमची मुलगी चौकोन ओळखण्यात पटाईत होईल. डबा घेऊन येईल याची खात्री मी देऊ शकत नाही, आणि सेंटरवालेही प्रामाणिक असतील तर देणार नाहीत. वरून सेलूहून रोज रेल्वेनं संभाजीनगर गाठायचं, संध्याकाळी परत. ताठ पायांच्या लेकराला एवढं बसवून नेल्यावर तिथे पोचेस्तोवर तिच्यात शिकायची ताकद किती उरेल?

पैसे भरण्याआधी तीन दारं ठोठवा, तिन्ही स्वस्तातली आहेत.

पहिलं डोळ्यांचं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, पाय ताठ असलेल्या मुलांत बऱ्याचदा मेंदूतल्या आतल्या पांढऱ्या भागाला इजा झालेली असते, आणि डोळ्यांकडून मागं जाणाऱ्या वाटाही तिथूनच जातात. डोळा ठणठणीत, चष्मा लागत नाही, तरी मेंदूला दिसलेलं उलगडत नाही, असं होतं. ओळखायच्या खुणा तुम्हीच बघू शकता: गर्दीच्या चित्रातली वस्तू सापडत नाही पण एकटी ठेवली की लगेच सापडते, खाली ठेवलेल्या वस्तूला ठेच लागते, हात पुढे करताना तोंड भलतीकडे वळतं. असं मूल फळ्यावरचं उतरवताना ओळ हरवतं आणि गुरुजींना वाटतं विसरलं. संभाजीनगरची घाटी, नांदेड, लातूर, अंबाजोगाई यापैकी सोयीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभागात दाखवा आणि ‘सेरेब्रल पाल्सी आहे, मेंदूकडून दिसण्याची तपासणी हवी’ असं स्पष्ट सांगा. नुसता चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नका. जाताना ऐकण्याचीही तपासणी करून घ्या.

दुसरं फिटचं. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण चारांतल्या एका मुलाला फिट येतात. चौथ्या वर्षी ठरवलेला डोस नवव्या वर्षी तोच आहे का? वजन वाढलंय. काही औषधांनी, विशेषतः फेनोबार्बिटोनसारख्या जुन्या औषधानं, मूल सुस्त आणि मंद राहतं. आणि काही फिट अंग न झटकता येतात: मूल क्षणभर शून्यात बघतं, पापण्या फडफडतात, मधला शब्द निसटतो. ती खुंटीजवळ उभी राहते तेव्हा हाक मारल्यावर लगेच वळते का, हे बघा, जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. औषध आपल्या मनानं बंद करू नका, कमीही करू नका. एक दिवस चुकला तरी मोठी फिट येऊ शकते.

तिसरं झोपेचं. रात्री पायांत गोळे येऊन, कूस बदलता न येऊन ही मुलं चार-चारदा जागी होतात. ती सांगत नाहीत, कारण त्यांना वाटतं सगळ्यांचंच असं असतं. विचारा तिला.

घरी काय करायचं, ते आता मोकळेपणानं लिहितो, कारण माझा खरा भरवसा यावर आहे. ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी 2020 साली सेरेब्रल पाल्सीवरच्या उपचारांचा मोठा आढावा घेतला. जे काम यायला हवं त्याच कामाचा, मुलानं स्वतः निवडलेल्या ध्येयाचा, खऱ्या जागी सराव, या पद्धतीच्या बाजूनं त्यात भक्कम कौल आहे.

एकच काम निवडा, आणि ते तिला निवडू द्या. ‘तुला एकटीनं काय करायचंय?’ असं विचारलं की पोरं भलतंच सांगतात आणि तेच बरोबर असतं. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला आजीला चहा नेऊन द्यायचा होता. कॅनडात विकसित झालेली को-ऑप नावाची पद्धत आहे, तिचे चार टप्पे मी मराठीत असे म्हणवून घेतो: काय करायचं, कसं करायचं, करून बघ, जमलं का बघ. ‘कसं’ हे आपण सांगायचं नाही. लेकरानं सांगायचं, चुकीचं सांगितलं तरी करू द्यायचं, मग ‘कुठं अडलं गं?’ एवढंच विचारायचं. ती मुलगी कप भरून निघाली, सांडला, आणि स्वतःच म्हणाली, ‘अर्धाच भरते, दोन खेपा करते.’ असं तिनं स्वतः शोधलेलं तिच्याजवळ राहतं.

सांगताना तीन कामं एका दमात सांगू नका. दोन सांगा, आणि ‘काय सांगितलं?’ असं म्हणून तिच्या तोंडून वदवून घ्या. मग पुटपुटत जाऊ द्या: ‘हात, डबा, हात, डबा.’ आपल्याकडे घोकणं म्हणजे कमीपणाचं मानतात, पण हातचा न सांडता न्यायची हीच सगळ्यात जुनी युक्ती आहे. शाळेत ‘मनात वाच, ओठ हलवू नको’ म्हणून तिला गप्प करत असतील तर गुरुजींना विनंती करा, ओठ हलू द्यात. दोन कामं आठवडाभर दहापैकी आठ वेळा जमली की तिसरं जोडा.

घरातल्या जागाही तिच्या बाजूनं करा. खुंटी तिच्या खांद्याच्या उंचीला, तिथून मोरीच्या वाटेवरच डब्याची जागा. खुंटीशेजारी तीन फोटो डावीकडून उजवीकडे चिकटवा: हात धुणं, डबा, जेवायची जागा. गुगलवरचे नकोत, तिच्याच घरातले, मोबाईलवर काढून तालुक्याला छापून आणलेले. भिंतीवर लिहिलेलं डोक्यात धरावं लागत नाही. कुणी म्हणतं, यानं आळशी होईल. वहीत हातचा लिहिणारा हिशेबनीस आळशी असतो का?

पाढ्यांचं तिला जमेल, अभंगांवरून मला खात्री आहे. पाढे पाठ झाले की सात आठा छप्पन्नचा विचार करावा लागत नाही आणि मोकळी झालेली जागा हातच्याला मिळते. चालीवर म्हणवून घ्या, आजीला सामील करा. आकड्यांच्या नावांचीही एक अडचण आहे. पंचवीस म्हणताना पाच आधी येतो आणि लिहिताना दोन आधी, त्यामुळे ऐकून लिहिताना मुलाला उलटं धरून ठेवावं लागतं. 2019 साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असंही म्हणण्याची सोय दिली तेव्हा केवढी टीका झाली. मला अशा मुलांसाठी ती सोय फार मोलाची वाटते. वजाबाकी करताना तिला ‘वीस पाच’ म्हणू द्या, आणि चौकटी आखलेल्या मोठ्या कागदावर हातचा ठळक लिहू द्या.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतले पालकही हे वाचत असतील. त्यांना कुणी 25 दिवसांचं पॅकेज सांगितलं तर दिवाळीनंतर ते तुटणारच. वरचं सगळं मात्र फडाजवळच्या कोपीवरही (झोपडीतही) होतं. फोटोंची पट्टी पेटीत घालून न्या.

तुमच्याकडे टॅबलेट किंवा मोठा मोबाईल आधीच असेल तर जरूर वापरा, माझं यंत्राशी वैर नाही. कित्येक मुलांना पडद्यावर पहिल्यांदा ‘मी जिंकलो’ म्हणता येतं आणि ते सुख लहान नाही. दिवसाला 15-20 मिनिटं, वेळेचं घड्याळ बंद करता येईल असाच खेळ, काळ्या किंवा साध्या पार्श्वभूमीवर थोडी आणि मोठी चित्रं. काही फोनमध्ये सेटिंगमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत बोट किती वेळ टेकल्यावर धरायचं आणि चुकून झालेला दुसरा स्पर्श सोडून द्यायचा, हे ठरवता येतं. ते आधी करा. खाली रबरी चटई किंवा ओलं फडकं, म्हणजे सरकणार नाही. वेगानं लुकलुकणारे खेळ फिटच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. खेळात जी युक्ती ती वापरते ती दुसऱ्या मिनिटाला घरात वापरायला लावा: ‘आता चित्रं कशी लक्षात ठेवलीस? तशीच भाजी आणायची तीन नावं ठेव.’

शाळेत विशेष शिक्षक येत असतील तर त्यांना घरी बोलवून हे दाखवा. फळ्यावरचं उतरवण्याऐवजी छापील कागद मिळावा, तोंडी सूचना एकेक मिळावी, पुढे परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा आणि लागल्यास लेखनिक, ही मागणी आत्तापासून लेखी करा. त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, असू द्या. जिल्हा रुग्णालयात लवकर निदान आणि उपचाराचं केंद्र आहे का ते पाहा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तिथे सोय असते. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय या आरोग्य विम्यात सेरेब्रल पाल्सी बसते, एक लाखापर्यंत संरक्षण आहे, नसेल काढला तर काढा. सोयाबीनच्या पैशातून काही करायचंच असेल तर पायातले स्प्लिंट (पाय सरळ धरणारे आधार) असतील तर ते मापाचे आहेत का बघा. वाढत्या वयात ते वरचेवर लहान होतात.

आज संध्याकाळी एक करा. ती दप्तर लावून उभी राहिली की ओरडू नका, पुन्हा सांगूही नका. जवळ जाऊन विचारा, ‘आता काय काय राहिलं?’ तिनं ‘हात धुवायचे आणि डबा’ असं सांगितलं तर ती विसरलेली नाही. तिचे दोन्ही हात वॉकरवर आहेत, डबा कशात आणायचा हे तिला सुचत नाहीये. वॉकरच्या पुढच्या दांडीला कापडी पिशवी शिवून द्या, डबा मावेल एवढी, तोंड उघडं राहील अशी. आणि तिला सांगता आलं नाही, तर दहा दिवस वहीत टिपा: किती वाजता, काय सांगितलं होतं, त्यातलं किती आठवलं, झोप कशी झाली होती, औषध किती वाजता दिलं होतं. ती वही घेऊन या, मग पुढचं ठरवू.